ज्याचं अंग, त्याचा तळहात

प्रथम क्षमा मागतो. लेखन हा माझा प्रांत नव्हे. पाचोऱ्याच्या महाविद्यालयात मी उभी हयात तर्कशास्त्र शिकवले. म्हणजे ज्या विषयाचा घरात कधी उपयोग होत नाही आणि वर्गात कोणाला पटत नाही, अशा विषयावर बोलत राहिलो; लिहिले ते फक्त फळ्यावर, आणि तेही तास संपताच पुसले. निवृत्त होऊन जळगावला स्थायिक झाल्यावर, साठी उलटून गेल्यावर, असे काही कागदावर उतरवण्याचे धाडस करतो आहे याचा मलाच संकोच वाटतो. परंतु ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, त्यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील अशी चिन्हे दिसत नाहीत. जे त्यांना ओळखतात, ते त्यांना चुकवण्यात गुंतलेले असतात.

तेव्हा एक विधान आरंभीच करून टाकतो, आणि ते मी पूर्ण विचारान्ती करतो: तापी आणि गिरणा यांच्या मुलखात माणसाचे तोंड पाहण्याआधी त्याची कातडी पाहणारा एकच मनुष्य आहे, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. साडू हे नाते मोठे चमत्कारिक असते. दोन परके पुरुष, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, ते केवळ दोन बहिणींच्या धोरणामुळे आयुष्यभर एका पंगतीला बसतात. आमच्या बाबतीत तर एक बोलणारा आणि एक ऐकणारा अशी विभागणी पहिल्याच दिवाळसणाला होऊन गेली. ऐकणारा कोण, हे सांगायला नको. त्या ऐकण्यावर एके दिवशी माझा जीव अवलंबून राहणार आहे, हे तेव्हा ठाऊक असते तर मी अधिक लक्ष देऊन ऐकले असते.

साडूंना सगळा गोतावळा नाना म्हणतो. धुळ्याला त्यांचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. खरूज, नायटा, घामोळे हे त्यांच्या मते पोटापाण्याचे आजार. त्यांवर घर चालते, मन रमत नाही. नानांचे मन एकाच आजारावर जडलेले आहे. एखाद्याला एखादे औषध सोसत नाही, अंगावर फोड उठतात आणि बघता बघता साल सुटू लागते, तो आजार. तो फार थोड्यांना होतो, पण झाला की जिवाशी खेळतो. त्याच्यावर नानांचे प्रेम आहे असे म्हटले तर ते पोलिसाचे दरोडेखोरावर असते त्या जातीचे आहे. तो कुठे लपला असेल, कोणाच्या घरात शिरला असेल, या एकाच विचारात ते असतात. आणि शिरलाच तर किती आत शिरला आहे हे वेळेवर मोजणे, यात निम्मी लढाई आहे, असे ते श्रीखंड वाढून घेताना सांगतात.

इतर लोक भेटल्यावर 'काय, कसं काय?' विचारतात. नाना विचारतात, "नवी गोळी कोणती सुरू केली?" हा प्रश्न ते साखरपुड्यात विचारतात, सांत्वनाला गेल्यावर विचारतात, एस.टी.च्या थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही विचारतात. समोरचा 'काही नाही' म्हणाला तर त्यांचे समाधान होत नाही. ते थोडे जवळ सरकून आवाज खाली आणतात. "फिटची? सांधेदुखीची? डोकं दुखलं म्हणून शेजाऱ्याने दिलेली?" या शेवटच्या प्रश्नावर निम्मे लोक सापडतात, कारण आपल्याकडे गोळी ही वस्तू विरजणासारखी आहे, ती घरात नसली तर शेजारून मागून आणतात. गोळी सापडली की पुढचे तीन प्रश्न ठरलेले: डोळे लाल आहेत का, तोंड आले आहे का, लघवीला आग होते का. पंगतीत नानांच्या उजव्या-डाव्या हाताची पाने नेहमी रिकामी राहतात ती यामुळे.

जामनेरला भाचीचे लग्न होते. पाठवणीच्या वेळी मांडवात हुंदके चाललेले. भाची एकेकाच्या गळ्यात पडत नानांपाशी आली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोच हात हळूच खाली आणून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"लाल आहेत."

"नाना, रडतेय मी!" भाची म्हणाली.

"ते दिसतंय. पण नुसतं रडून आहेत का, हे पाहायला नको? तोंड उघड बरं."

आणि त्या मुलीने, नाकात नथ, कपाळी मुंडावळ्या अशा थाटात, दोन्ही व्याह्यांच्या देखत जीभ बाहेर काढून दाखवली. नवऱ्या मुलाकडच्या एक आजीबाई शेजारणीला अहिराणीत म्हणाल्या, "यासनामा पोर सासरले धाडताना जीभ दखतस का व?" त्यांना वाटले, आमच्याकडचा कुळाचारच असावा. पण गंमत अशी की रडणे तेवढ्यावर थांबले आणि सबंध मांडव हसत हसत मुलीला निरोप देऊन मोकळा झाला. त्या घरी आता लेकीची पाठवणी असली की, "तुमच्या त्या जीभ पाहणाऱ्यांना बोलवा," असा आग्रह होतो.

त्यांच्या अंगठ्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. फोडाच्या शेजारची, वरून चांगली दिसणारी कातडी अंगठ्याने हलकेच बाजूला रेटून पाहायची. आतून धर सुटला असेल तर ती ओल्या कागदासारखी सरकते. ही परीक्षा ते इतक्या हळुवारपणे करतात की तान्ह्या बाळालाही कळत नाही. अडचण अशी की ही सवय दवाखान्यापुरती राहिली नाही. आम्ही जळगावला घर घेतले तेव्हा वास्तुशांतीला नाना आले. रंगारी कौतुकाच्या अपेक्षेने दाराशी उभा. नानांनी बैठकीच्या भिंतीला अंगठा लावला, हलकेच रेटला, आणि अंगठ्याकडे पाहून मान हलवली.

"धर सुटलेला आहे."

"साहेब, कालच हात मारलाय, ओला आहे तो," रंगारी म्हणाला.

"तेच म्हणतो मी. वरचं खालच्याला धरून नाही. कोणता चुना खाल्ला होता भिंतीने?"

रंगारी जेवला नाही. मात्र सत्य सांगायचे तर दिवाळीच्या आत ती भिंत पापडासारखी सुटली आणि पत्नीने फोन करून नानांचे अभिनंदन केले.

सर्वांत कठीण प्रसंग हिवाळ्यातला. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्टी होते, म्हणजे शेतात जायचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी लांबट वांगी भाजायची, सगळ्यांनी गोल बसून ती सोलायची, आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. अशा आनंदाच्या वेळी नाना भाजलेले वांगे हातात घेतात, अंगठ्याने त्याची साल एका बाजूने रेटतात, आणि ती सुळकन निघाली की भोवतालच्या मंडळींना म्हणतात, "हे पाहा. अगदी असंच." मग ते कसे असते, कुठून सुरू होते, याचे साग्रसंगीत वर्णन. एकेक जण भाकरी खाली ठेवतो. "अहो, भरीत खा, तपासू नका!" असे अक्का, म्हणजे त्यांची पत्नी आणि माझी मेहुणी, दर वर्षी ओरडते, आणि नाना दर वर्षी एकटेच शांतपणे सगळे भरीत संपवतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो: नानांचा तळहात.

माणसाचा बोटांसकट एक तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. किती साल सुटली हे मोजायचे तर असे किती तळहात भरतात ते पाहायचे. नुसती लाल झालेली कातडी मोजायची नाही. सुटलेली आणि अंगठा लावताच सुटू पाहणारी तेवढीच मोजायची. हा नियम नाना घरातही पाळतात. अक्का त्यांच्यावर संतापली, भांडी आपटू लागली, की ते ओट्यापासून योग्य अंतरावर उभे राहून निरीक्षण करतात आणि मला फोनवर कळवतात, "नुसती लाली आहे सर, साल सुटलेली नाही. शून्य टक्के." अक्काने माहेरी जायची पिशवी काढली तर मात्र ते त्याची नोंद गांभीर्याने घेतात.

पण या मोजणीचा आत्मा पुढेच आहे. तळहात रुग्णाचा हवा, डॉक्टरचा नव्हे. नानांचा जन्म पिंपळनेरकडच्या शेतकरी घरातला, आणि हात वडिलोपार्जित: रुंद, जाड, भाकरीएवढे. एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एका लहान मुलीला घेऊन आईबाप आले होते. नानांच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरने तिला आपल्या धिप्पाड पंजाने मोजले आणि सांगितले, "तीन टक्के."

"कोणाचे तीन?" नाना म्हणाले. "तुझे का तिचे? ती तुझ्याएवढी असती तर तीन. ती तुझ्याएवढी नाही."

त्यांनी त्या मुलीचा इवलासा पंजा हातात घेऊन पुन्हा मोजणी केली, ती कितीतरी जास्त भरली, आणि तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती बरी झाली. आता दरवर्षी तिचा बाप मोहाची फुले आणि चारोळ्या घेऊन येतो, आणि नाना त्यालाही विचारतात की नवी गोळी कोणती सुरू केली. तेव्हापासून त्यांचे एक वाक्य ठरून गेले आहे: "ज्याचं अंग, त्याचा तळहात. आपल्या हाताने दुसऱ्याचं दुखणं मोजलं की ते आपल्याला परवडेल तेवढंच भरतं." हे वाक्य मी नाही म्हटले तरी प्रत्येक सणाला ऐकले आहे. नातवंडांना खाऊ वाटतानाही ते लागू होते. ज्याचे पोट, त्याची मूठ. त्यामुळे नानांच्या घरी सर्वांत कमी शेव सर्वांत लहान पोराला मिळते आणि ते भोकाड पसरते.

माझा हात, हे ओघात सांगून टाकलेले बरे, फार लहान आहे. खडू धरण्यापुरताच तो घडवलेला असावा. माझ्या लग्नात अक्काने नव्या नवरीच्या बांगड्या चेष्टेने माझ्या हातात चढवून पाहिल्या, आणि त्या चढल्या. सासुरवाडीला हा विनोद अजून पुरतो आहे.

तळहात झाले की मार्क. किती साल सुटली एवढ्यावर नाना थांबत नाहीत. वय चाळिशीपुढे असेल तर एक मार्क, नाडी फार धावत असेल तर एक, दहा टक्क्यांहून अधिक साल सुटली असेल तर एक, मग रक्तातली साखर, युरिया आणि असेच काही. जितके मार्क अधिक, तितका धोका मोठा. म्हणजे या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला येतो. हा हिशेब ध्यानात न घेतल्यामुळे आमच्या नात्यातले एक लग्न मोडता मोडता राहिले. नाना मुलाकडे जाऊन आल्यावर मुलीच्या वडिलांनी त्यांना फोनवर विचारले, "नाना, स्थळ कसं वाटलं?" नाना म्हणाले, "शून्य," आणि समोर रुग्ण आला म्हणून फोन ठेवला. वडिलांनी नकार कळवला. पुढे हे नानांच्या कानावर गेले तेव्हा ते दवाखाना सोडून धावले. "अहो, शून्य! एकसुद्धा खोट नाही पोरात! असं शून्य मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही!" अक्काने दोन्ही घरांत मध्यस्थी करून लग्न लावले. जावई अजून सासऱ्यांना फोन केला की "मी शून्य बोलतोय," म्हणतो.

असो. हे सगळे मी हसत हसत ऐकत आलो, कारण ऐकणाऱ्याला तेवढेच काम असते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पायाचा अंगठा सुजला. युरिक ॲसिड वाढले होते. गावातल्या डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली, आणि ती अनेकांना सोसते तशी मलाही सोसेल, यात शंका घेण्याचे कारण नव्हते. नाना तेव्हा लेकीकडे बंगळुरूला गेले होते. नेमक्या त्याच महिन्यात मला तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. मग ताप आला, डोळे चुरचुरू लागले, तोंड आले, छातीवर लाल चट्टे उठले आणि त्यांवर फोड. शेजारच्या काकू येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "उष्णता आहे. सब्जा द्या." त्यांचा दोष नाही. जळगावात मे महिन्यात अंगावर काहीही उठले तरी त्याला आजार म्हणत नाहीत, हवामान म्हणतात.

नाना धुळ्याला परतल्याचे कळताच पत्नीने त्यांना फोन लावला. फोन माझ्या उशाशीच होता, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू आले.

"नाना, ह्यांच्या अंगावर फोड आलेत. काकू म्हणतात उष्णता आहे."

"डोळे?"

"लाल आहेत. सकाळी चिकटले होते."

"तोंड?"

"पाणीसुद्धा गिळवत नाही त्यांना."

नाना गप्प बसले आहेत हे लक्षात यायला आम्हा दोघांनाही वेळ लागला, कारण तशी सवय नव्हती.

"नवी गोळी कोणती सुरू केली?"

"ती युरिक ॲसिडची. अंगठा नव्हता का सुजला?"

"बंद. आत्ता, या मिनिटाला. पुन्हा जन्मात द्यायची नाही. आणि गाडी काढा, धुळ्याला घेऊन या. अंगावर सुती चादर, दुसरं काही नको."

वाटेतले पारोळा येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा तपासून पाहत होतो. तर्कशास्त्राच्या माणसाला निष्कर्ष टाळता येत नाही, हे या विषयाचे मोठेच दुर्दैव आहे.

दवाखान्यात अक्का दारातच उभी होती. ती लग्न झाल्यापासून तिथली औषधे आणि माणसे दोन्ही सांभाळते. रुग्णाच्या चालीवरून आजार ओळखते, असे नानाच म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिले आणि एकही चेष्टा केली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

नाना आत आले. त्यांनी डोळे पाहिले, तोंड पाहिले, नाडी पाहिली. मग तो प्रसिद्ध अंगठा माझ्या खांद्यावर टेकला. खरे सांगतो, तो टेकलेला मला कळलाही नाही. कळले ते त्यांच्या चेहऱ्यावरून. नंतर त्यांनी हात अंगापासून थोडा वर धरून मोजायला सुरुवात केली. छाती, पाठ, दंड. नेहमी नाना मोजताना मोठ्याने शिकवतात, भोवतालच्यांना प्रश्न विचारतात, एखादा चुकला तर त्याच्या सात पिढ्या काढतात. त्या दिवशी ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. शेवटी हात खाली घेऊन त्यांनी माझ्या पत्नीकडे वळून सांगितले, "आठ टक्के. दहाच्या आत आहे. मार्क एक, तोही वयाचा. इथेच ठेवू, मी आहे ना. काळजी नको, बठ्ठं बरं व्हई जाई."

पत्नीने पदराने डोळे पुसले. मी मात्र नानांच्या हाताकडे पाहत होतो. तो माझ्या बाजूला लोंबत होता, रुंद, जाड, भाकरीएवढा.

तोंड इतके सोललेले होते की शब्द उच्चारणे शक्य नव्हते. आणि शक्य असते तरी, थोरल्या साडूंची चूक दाखवण्याचे धैर्य मला आयुष्यात कधी झालेले नाही. पण काहीतरी करणे भाग होते. मी माझा हात उचलला, नानांच्या हाताला जाऊन भिडवला आणि पंजावर पंजा ठेवला. माझी बोटे त्यांच्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोहोचली नाहीत.

नानांनी खाली पाहिले. त्यांना वाटले मी आधार शोधतो आहे. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला आणि पुन्हा तसाच, बोटे सरळ करून, त्यांच्या पंजावर ठेवला. मग मात्र ते पाहतच राहिले.

"तुना हात," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'सर' सोडून काही म्हटले नव्हते, 'तू' तर कधीच नाही. "हा तर तुना हात."

ते स्टुलावर बसले. अक्का पुढे झाली, तिने टेबलावरचा कोरा कागद घेतला, माझा पंजा त्यावर अलगद टेकवला, पेनाने भोवती रेघ ओढली, कात्रीने कापला आणि तो कागदाचा हात नवऱ्यापुढे धरला.

"मोजा पुन्हा," ती म्हणाली. "आणि या वेळी नीट मोजा. तो माझ्या बहिणीचा नवरा आहे."

या वेळी नाना मोठ्याने मोजत होते. आठ झाले, नऊ झाले, दहा झाले. बाराला हात थांबला.

"बारा," नाना म्हणाले. "मार्क दोन."

माझ्या आयुष्यातला बराच काळ एकेका गुणासाठी विद्यार्थ्यांशी भांडण्यात गेला. एक गुण वाढल्याचे दुःख काय असते, ते मला त्या टेबलावर कळले.

त्यानंतर सगळे झपाट्याने झाले. दहाच्या पुढे गेले म्हणजे दवाखान्यातल्या खाटेचे काम नव्हे. भाजलेल्या रुग्णांसाठी जसा वेगळा विभाग असतो, तशी जागा, तशा परिचारिका, डोळ्यांचे डॉक्टर, सगळे हवे. नाशिकला फोन झाले, रुग्णवाहिका आली, आणि नाना डॉक्टर म्हणून नव्हे तर सोबतीला म्हणून माझ्या पायाशी बसून आले. तिथे त्यांचे काहीच चालत नव्हते. त्यामुळे ते विभागाबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नव्या गोळ्या विचारू लागले. दाराशी असलेला सुरक्षारक्षक नुकतीच रक्तदाबाची गोळी घेऊ लागला होता. नानांनी रोज सकाळी त्याची पापणी ओढून पाहिली. मी तिथून निघालो तेव्हा तो माझ्यापेक्षा नानांना निरोप देताना अधिक हळवा झाला होता.

साल पुढेही सुटत गेली, ती बारावर थांबली नाही. तिथल्या डॉक्टरांनी पत्नीला एवढेच सांगितले, की वेळेवर आणलंत. हळूहळू नवी कातडी आली. पाठीवर अजून फिकट डागांचा नकाशा आहे, डोळ्यांत दिवसातून अनेकदा औषधाचे थेंब घालावे लागतात. पण मी आहे, आणि तुम्ही हे वाचत आहात, यावरून निष्कर्ष काढता येईल.

त्या दिवशीच्या मोजणीविषयी हिवाळ्यापर्यंत कोणी बोलले नाही. मात्र तो कागदाचा हात नानांच्या दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली जाऊन बसला आहे. रुग्ण कौतुकाने विचारतात, "नातवाचा हात का, डॉक्टर?" नाना चष्मा पुसत म्हणतात, "नाही, साडूचा." रुग्ण हसतात. नाना हसत नाहीत.

हिवाळ्यात पुन्हा भरीत पार्टी झाली. काड्यांवर वांगी फुलून आली, मंडळी गोल बसली. मी मुद्दामच एक गरम वांगे उचलून नानांकडे पुढे केले.

"घ्या नाना. दाखवा सगळ्यांना."

त्यांनी ते घेतले नाही. "तुम्ही सोला सर," ते म्हणाले, "मी पात चिरतो," आणि कांद्याची पात आणि विळी घेऊन पार बांधापाशी जाऊन बसले. त्या खेपेला सगळ्यांनी पोटभर भरीत खाल्ले, आणि जेवताना प्रत्येकाला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. अक्काने दोनदा त्यांच्याकडे पाहिले. "अहो, या ना. कोणी काही म्हणणार नाही," असेही म्हणून पाहिले. ते आले नाहीत.

मीच मग बांधापाशी गेलो. जवळ बसलो. शेवटी मला राहवले नाही. मी म्हटले, "नाना, त्या दिवशी तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

त्यांनी मान वर केली नाही.

"माले म्हाईत नव्हतं का, मना हात मोठा शे?" ते म्हणाले, आणि पातीची जुडी फिरवून पुन्हा चिरू लागले.

आपला हात मोठा आहे हे ठाऊक असूनही हवे तेच मोजण्याच्या या चुकीला तर्कशास्त्रात एक नाव आहे. मी ते वर्षानुवर्षे वर्गात सांगितले, परीक्षेत विचारले, आणि न आलेल्यांना नापासही केले. त्या बांधावर बसून मला ते आठवेना. मी पातीची दुसरी जुडी ओढली आणि निवडू लागलो. आमच्यातला बोलणारा त्या दिवशी गप्प होता, आणि ऐकणाऱ्याला आणखी काही ऐकायचे नव्हते.

आजही नाना भेटेल त्याला आपला प्रश्न विचारतात. फक्त मला विचारत नाहीत. मला पाहिले की नुसते 'या सर' म्हणतात, आणि मग माझ्या पत्नीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळू आवाजात माझ्या गोळ्यांची चौकशी करतात. उत्तर माझ्या तोंडून ऐकण्याची त्यांना भीती वाटत असावी. अलीकडे त्यांना प्रवास झेपत नाही, लग्नकार्यांनाही ते क्वचितच येतात, आणि पंगतीत आता त्यांच्या जागेच्या दोन्ही बाजूंची पाने भरलेली असतात. त्यांचा हात कितीही मोठा असला तरी वाचकहो, तुमच्यापर्यंत तो पोहोचायचा नाही. म्हणून, माझ्यासारख्या भिडस्त माणसाला शोभत नसले तरी, त्यांच्या वतीने मीच विचारतो:

अलीकडे नवी गोळी कोणती सुरू केली?